मिकीच्या पायाखालचा समुद्र : उरायासूला दीड दिवस का द्यावा?

१/
टोकियोला निघालेल्या एका मैत्रिणीने परवा विचारले, "डिस्नेलँडला एक दिवस द्यावा, की तोच दिवस एखाद्या किल्ल्याला द्यावा?" इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी नाक मुरडीन, अशी तिची अपेक्षा असावी. मी तिला म्हटले, "एक कशाला, दीड दिवस दे." वरचा अर्धा दिवस कशासाठी, हे सांगण्याकरिता हा धागा. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

२/
प्रथम एक भौगोलिक दुरुस्ती. 'टोकियो डिस्नेलँड' टोकियोत नाही. टोकियोच्या पूर्वेची जुनी एदो नदी ओलांडली की चिबा प्रांत सुरू होतो. त्यातील उरायासू शहराच्या समुद्राकडील टोकाला हे संकुल पसरले आहे. १५ एप्रिल १९८३ रोजी डिस्नेलँड सुरू झाले, ४ सप्टेंबर २००१ रोजी डिस्नेसी. अमेरिकेबाहेर उभारलेले हे पहिले डिस्ने उद्यान.

३/
दुसरी दुरुस्ती अधिक महत्त्वाची. ज्या जमिनीवर हे संकुल उभे आहे, ती १९६४ पूर्वी अस्तित्वातच नव्हती. तेथे टोकियोच्या उपसागराचे उथळ पाणी होते. ओहोटीच्या वेळी मैलभर चिखलवट उघडी पडे आणि गावातील बायाबापड्या, मुले शिंपल्या वेचायला उतरत. आज आपण तिकीट काढून जेथे पाऊल ठेवतो, तेथे कोणाचे तरी शेत होते. फक्त ते पाण्याखाली होते.

४/
१८८९ मध्ये होरिए, नेकोझाने आणि तोदाइजिमा ही तीन गावे एकत्र करून उरायासू निर्माण झाले. 'उरा' म्हणजे किनारा, 'यासू' म्हणजे शांत, सुखरूप. आसारी आणि हामागुरी या शिंपल्या (आपल्या तिसऱ्यांच्या भाऊबंद) आणि नोरी हे वाळवून खाण्याचे समुद्री शेवाळ, यांवर गावाचे पोट चाले. नोरी काढायला 'बेका' नावाची सपाट तळाची लहान होडी वापरीत.

५/
हे गाव जपानी साहित्यात अमर झाले आहे. कादंबरीकार यामामोतो शूगोरो १९२६ ते १९२९ या काळात येथे राहिला. पुढे सुमारे तीस वर्षांनी, १९६० च्या सुमारास, त्याने 'आओबेका मोनोगातारी' लिहिली. म्हणजे निळ्या बेका होडीची कथा. गावाचे नाव त्याने किंचित बदलून 'उराकासू' केले. कादंबरी प्रसिद्ध होत होती, त्याच वेळी त्या पाण्याचे भवितव्य ठरत होते.

६/
उरायासू टोकियोला इतके खेटून, पण रेल्वे नव्हती. गावात पहिले रेल्वेस्थानक आले ते १९६९ मध्ये. त्यापूर्वी त्याला 'जमिनीवरचे बेट' म्हणत. १९४९ च्या 'किटी' वादळात समुद्र गावात शिरला आणि मोठी हानी झाली. म्हणजे हे काही हरवलेले नंदनवन नव्हते. कष्टाचे, दारिद्र्याचे, वादळवाऱ्याचे गाव होते. हे आधी मान्य करून पुढे जाऊ, कारण स्मरणरंजन हा इतिहासाच्या विद्यार्थ्याचा पहिला शत्रू.

७/
आता १९५८. एदो नदीच्या काठी होन्शू कंपनीची कागद गिरणी होती. त्या वसंतात तिने नदीत काळे पाणी सोडण्यास सुरुवात केली. नदीच्या मुखाशी शिंपल्या आणि मासे मरू लागले. तक्रारी झाल्या, आश्वासने मिळाली, पाणी काळेच राहिले. अखेर १० जून १९५८ रोजी उरायासूचे शेकडो मच्छीमार गिरणीत घुसले. राखीव पोलिसांशी झटापट झाली आणि शंभराहून अधिक माणसे जखमी झाली. जपानी इतिहासात ही घटना 'काळ्या पाण्याचे प्रकरण' म्हणून नोंदली गेली आहे.

८/
या उठावाचा परिणाम देशव्यापी झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जपानी संसदेने दोन कायदे केले : एक सार्वजनिक पाण्याच्या गुणवत्तेच्या रक्षणाचा, दुसरा कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नियंत्रणाचा. जलप्रदूषणाविरुद्धचे जपानचे हे पहिले राष्ट्रीय कायदे. एका लहानशा गावाच्या कोळ्यांनी राष्ट्राला कायदा करावयास लावले. शालेय पुस्तकांत हे प्रकरण याहून मोठ्या अक्षरांत असायला हवे, असे मला वाटते.

९/
पण कायदा होणे आणि कायदा वापरला जाणे यांत अंतर असते. मिनामाता येथील पाऱ्याच्या विषबाधेची अधिकृत नोंद १९५६ मध्येच झाली होती. तरी हे कायदे तेथे वेळेवर वापरले गेले नाहीत आणि विषारी सांडपाणी १९६८ पर्यंत वाहत राहिले. १९५९ च्या अखेरपर्यंत हे कायदे लागू न केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने शासनाला जबाबदार धरले, तेही २००४ मध्ये. उरायासूचा विजय कागदावरचा होता. पाणी सुधारले नाही.

१०/
आणि आता एक योगायोग. त्याच १९५८ साली केइसेई रेल्वेचे अध्यक्ष कावासाकी चिहारू अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड पाहून आले आणि भारावून गेले. ११ जुलै १९६० रोजी केइसेई, मित्सुई फुदोसान आदी कंपन्यांनी मिळून 'ओरिएंटल लँड कंपनी' स्थापन केली. हेतू असा : उरायासूचा समुद्र भरून जमीन करायची आणि त्यावर वसाहती व मोठे मनोरंजन केंद्र उभारायचे.

११/
अडचण एकच होती. समुद्र रिकामा नव्हता. जपानी कायद्यानुसार किनारी मासेमारीचा हक्क सहकारी संस्थांकडे असतो. तो नुसता रिवाज नाही, नोंदलेला मालमत्तेसारखा हक्क आहे. तो सोडून दिल्याशिवाय भराव घालता येत नाही. जगातील कित्येक किनाऱ्यांवरच्या मच्छीमारांकडे पिढ्यानपिढ्यांचा वावर असतो, पण असा कागद नसतो. उरायासूच्या लोकांशी बोलणी करावी लागली, याचे कारण हा कागद.

१२/
बोलणी करण्याचे काम ताकाहाशी मासातोमो यांच्याकडे आले. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष झाले. मच्छीमारांच्या पुढाऱ्यांबरोबर रात्र रात्र बसून, त्यांच्याबरोबर पिऊन, त्यांनी एकेकाचा विश्वास मिळवला, ही कथा जपानी उद्योगविश्वात आजही कौतुकाने सांगितली जाते. १९६२ मध्ये मच्छीमारांनी हक्काचा एक भाग सोडला. १९७१ मध्ये उरलेला सगळा.

१३/
येथे मी थोडा वेळ थांबते, कारण सगळा वाद येथेच आहे. एक बाजू म्हणते : कोणी बळजबरी केली नाही, भरपाई मिळाली, करार झाले, मग अन्याय कसला? दुसरी बाजू म्हणते : भांडवलदारांनी समुद्र लाटला. मला दोन्ही कथने अपुरी वाटतात. १९६२ मध्ये मच्छीमार वाटाघाटीला बसले, ते १९५८ चे काळे पाणी पाहून बसले. मरू घातलेल्या समुद्राचा हक्क विकताना दिलेली संमती ही संमतीच असते. पण तिची किंमत तो समुद्र ज्यांनी मारला त्यांनी आधीच पाडलेली असते.

१४/
म्हणून 'संमती होती का?' हा प्रश्न पुरेसा नाही. संमती दिली त्या दिवशी माणसापुढे आणखी कोणते मार्ग खुले होते, हे विचारावे लागते. इतिहासात करारनामे टिकतात आणि करारामागची लाचारी टिकत नाही. दस्तऐवजाच्या तारखेआधीची चार वर्षे वाचल्याखेरीज तो दस्तऐवज वाचू नये, हा धडा मला कोणत्याही तहापेक्षा या कराराने अधिक स्पष्टपणे शिकवला.

१५/
भराव १९६४ मध्ये सुरू झाला. पहिला टप्पा १९७५ मध्ये पुरा झाला आणि दुसरा १९८० च्या सुमारास. उरायासूचे मूळ क्षेत्रफळ सुमारे ४.४ चौरस किलोमीटर होते. ते सुमारे १७ झाले. जवळजवळ चौपट! म्हणजे आजच्या शहराचा तीनचतुर्थांश भाग समुद्रातून काढलेला आहे. शहराचे लोक आजही आपल्या वस्तीचे तीन भाग करतात : मोतोमाची (मूळ गाव), नाकामाची (मधले) आणि शिनमाची (नवे).

१६/
डिस्ने कंपनीशी करार झाला ३० एप्रिल १९७९ रोजी. त्याचे स्वरूप ध्यानात घ्या. उद्यानाची मालकी आणि व्यवस्थापन जपानी कंपनीकडे. सुमारे १८० अब्ज येनचा खर्चही तिचाच. डिस्नेला नाव व आराखडे यांच्या बदल्यात रॉयल्टी : तिकिटांवर १० टक्के, खाद्यपदार्थ व वस्तूंच्या विक्रीवर ५ टक्के. उद्यान अफाट चालल्यावर डिस्नेला चुटपुट लागली. पॅरिसजवळच्या उद्यानात (१९९२) तिने मालकीत मोठा वाटा घेतला, तो यामुळेच.

१७/
१८५३ मध्ये अमेरिकन नौदलाधिकारी पेरी आपली काळी जहाजे घेऊन याच उपसागराच्या तोंडाशी आला. तेव्हापासून परकीय धक्क्याला जपानीत 'काळे जहाज' म्हणतात. डिस्नेलँडलाही ते नाव चिकटले. मला हे रूपक फसवे वाटते. पेरी न बोलावता आला होता. डिस्नेला जपान्यांनी वर्षानुवर्षे आर्जवे करून आणले. १९७४ मध्ये डिस्नेचे अधिकारी पाहणीला आले, तेव्हा दुसरा एक जपानी उद्योगसमूह फुजी पर्वताच्या पायथ्याची जागा दाखवायला तयारच होता!

१८/
शिवाय जपानी बाजूचा आग्रह होता की उद्यान जपानी करू नका, अस्सल अमेरिकन ठेवा. तरीही बदल झालेच. अमेरिकेतील उघड्या 'मेन स्ट्रीट'च्या जागी येथे पावसाचा विचार करून काचेचे छत घातलेला 'वर्ल्ड बझार' आला. 'फ्रंटियरलँड'चे 'वेस्टर्नलँड' झाले. अमेरिकन सीमाप्रदेशाची मिथककथा जपानी माणसाला आपली वाटणार नव्हती. 'पश्चिम' मात्र सिनेमांतून परिचित होता. संस्कृती आयात करणारा नुसता ग्राहक नसतो, तो संपादकही असतो.

१९/
संपादनाचा सर्वांत बोलका नमुना आता पाहता येत नाही. १९८३ ते २००२ या काळात डिस्नेलँडमध्ये 'मीट द वर्ल्ड' नावाचे फिरते नाट्यगृह होते. एक बोलका क्रौंच पक्षी दोन मुलांना जपानचा इतिहास दाखवी : प्राचीन काळ, राजपुत्र शोतोकू, पोर्तुगीजांच्या बंदुका, बंद दरवाजांचे पर्व, पेरीची जहाजे. सूत्र असे की जपान जगाला भेटत गेला आणि मोठा झाला. दुसऱ्या महायुद्धाला मात्र त्यात नाममात्र जागा होती. जगाशी झालेली सर्वांत मोठी 'भेट' क्रौंचाने पंख मिटून ओलांडली.

२०/
आता डिस्नेसी. सागर हा तिचा विषय. तिच्या एका भागात 'केप कॉड' आहे : अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या गावाची हुबेहूब कल्पना. लाकडी घरे, दीपगृह, होड्या, धक्का. क्षणभर थांबून विचार करा. खऱ्या मच्छीमारांनी सोडून दिलेल्या समुद्रावर भराव घातला आणि त्या भरावावर दुसऱ्या खंडातील मच्छीमारांचे गाव रचले. मला यात दुष्टावा दिसत नाही. रचणाऱ्यांच्या मनात बहुधा हा विचारही आला नसेल. मला खटकते ते हेच, की तो विचार कोणाच्या मनात आला नसावा.

२१/
त्याच २००१ मध्ये, डिस्नेसीच्या काही महिने आधी, उरायासू नगरपालिकेने आपले स्थानिक संग्रहालय नेकोझाने भागात उघडले. त्याच्या अंगणात १९५२ च्या सुमाराचे उरायासू उभे केले आहे : लाकडी घरे, तंबाखूचे दुकान, पाण्याच्या कडेला बेका होड्या. जुने होडी बांधणारे आणि मच्छीमार यांनी जपलेले कौशल्य येथे पाहता येते. प्रवेश निःशुल्क. एकाच शहरात, एकाच वर्षी, मच्छीमारांची दोन कृत्रिम गावे जन्मली!

२२/
चटकन म्हणावेसे वाटते की एक खोटे, दुसरे खरे. पण संग्रहालयातले गावही रचलेलेच आहे. १९५२ हेच वर्ष का? ते युद्धानंतरचे, वादळातून सावरल्यानंतरचे आणि काळ्या पाण्याच्या आधीचे आहे. म्हणजे निवडही सोयीची. दोन्हींत फरक आहे तो उत्तरदायित्वाचा. संग्रहालय आपले वर्ष सांगते, ठिकाण सांगते, कोणाची घरे ते सांगते. त्यामुळे त्याच्याशी भांडता येते. 'केप कॉड'शी भांडता येत नाही, कारण ते कशाचाच दावा करीत नाही.

२३/
२००१ मध्ये तिसरीही गोष्ट घडली. उरायासूच्या शेजारी सान्बान्झे नावाची चिखलवट शिल्लक आहे. तीही भरून काढण्याची योजना अनेक वर्षे चालू होती. लोकांनी दीर्घ काळ विरोध केला आणि त्या वर्षी नव्याने निवडून आलेल्या राज्यपाल दोमोतो आकिको यांनी ती योजना मागे घेतली. त्यामुळे जुना उपसागर कसा दिसे, याचा एक तुकडा आजही ओहोटीला उघडा पडतो. भराव अटळ होता, असे कोणी म्हटले तर हा तुकडा दाखवावा.

२४/
११ मार्च २०११. मोठा भूकंप झाला तेव्हा दोन्ही उद्यानांत मिळून सुमारे ७०,००० पर्यटक होते. सुमारे २०,००० जणांनी रात्र तेथेच काढली. कर्मचाऱ्यांनी दुकानातील मऊ खेळणी डोके झाकायला दिली, खाऊ वाटला. ही गोष्ट जगभर गाजली आणि ती गाजण्याजोगीच आहे. पण त्या दिवशी बाहेर शहरात काय झाले, ते फारसे कोणी सांगत नाही.

२५/
शहराच्या सुमारे ८५ टक्के भागात जमिनीचे द्रवीकरण झाले. भरावातील वाळू आणि पाणी रस्त्यावर उफाळून आले, घरे कलली, गटारांची झाकणे नळकांड्यांसह वर आली, पाणी व मैलावाहिन्या तुटल्या. उद्यानांखालची जमीन बांधणीपूर्वीच वाळूचे खांब ठोकून घट्ट केली होती. तेथे वाहनतळ वगळता फारसे बिघडले नाही. आणि मोतोमाची, म्हणजे मूळ गाव, बहुतांशी शाबूत राहिले. भूकंपाने जुन्या किनाऱ्याची रेषा पुन्हा आखून दाखवली. समुद्र आपली हद्द विसरला नव्हता.

२६/
आता आक्षेपाकडे येते. "सुट्टीला गेलेल्या माणसाच्या आनंदावर विरजण कशाला?" रास्त प्रश्न आहे. तो आनंद खोटा नाही. मच्छीमारांच्या नातवंडांनाही तो मिळतो : २००२ पासून उरायासू शहर विशीतल्या तरुणांचा प्रौढत्व-समारंभ डिस्नेलँडमध्येच करते. काही कुटुंबांना भरपाईबरोबर नव्या भरावावर भूखंड मिळाले आणि त्यांचे दिवस पालटले. या लोकांच्या वतीने परस्पर दुःख करण्याचा अधिकार मला नाही.

२७/
पण ठाऊक असणे आणि विरजण घालणे यांत फरक आहे. १९८८ मध्ये माइहामा स्थानक उघडले. तोवर अनेक पर्यटक उरायासू स्थानकावर उतरून बसने, म्हणजे जुन्या गावाजवळून, उद्यानाकडे जात. आता गाडी थेट दाराशी सोडते आणि परत नेते. कोणी काही लपवले नाही. केवळ वाट सोयीची झाली आणि गाव दिसेनासे झाले. विस्मरण बहुधा असेच घडते. त्याला कटाची गरज नसते, सोय पुरते.

२८/
म्हणून तो अर्धा दिवस. उरायासू स्थानकावर उतरा. साकाई नदीच्या काठाने चाला. त्या अरुंद प्रवाहात एके काळी होड्या दाटीने लागत. होरिएमध्ये उदागावा घराण्याचे १८६९ चे घर जतन केलेले आहे, ते पाहा. मग नेकोझानेचे संग्रहालय. एखाद्या दुकानात भाजलेल्या शिंपल्या मिळाल्या तर खा. आणि मग बसने खुशाल मिकीला भेटायला जा.

२९/
किल्ल्यावर आपण जातो, तेव्हा तटबंदीइतकाच तिच्यासाठी दगड वाहणाऱ्यांचा विचार करतो. निदान करायला शिकत आहोत. सिंड्रेलाचा किल्लाही किल्लाच आहे. त्याच्या पायथ्याशी कोणाचे पाणी होते, ते कधी काळे झाले आणि ते कोणत्या किमतीला सुटले, हे विचारायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही.

३०/
मैत्रिणीचे तिकीट काढून झाले आहे. दीड दिवसाचे ठरले. तुम्ही गेलेल्या एखाद्या झगमगीत ठिकाणाखाली काय होते, हे कधी शोधले असेल तर खाली अवश्य लिहा. चुका आढळल्यास त्याही दाखवाव्यात. धागा येथे संपवते.